शहाण्या कुमारीही झोपल्या होत्या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. तिन्हींचा विषय एकच आहे, शेवटचा काळ, म्हणजे प्रभू येशूचं परत येणं आणि जगाचा शेवट. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते वाचल्यावर दोन दिवस मला दुसरं पाकीट उघडवेना.

पत्र पहिलं

आदरणीय सिस्टरबाई, प्रभूमध्ये सलाम.

मी ऐरोलीला राहते. रबाळ्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. यजमान महापेला शिफ्टमध्ये असतात. मुलगा चौथीत आहे आणि सासूबाई आमच्याजवळच असतात. मी लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत, चर्चमध्ये वाढले. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून बक्षिसं मिळवली. पण गेलं वर्षभर माझी झोप उडाली आहे.

सुरुवात व्हिडिओंपासून झाली. आमच्याकडच्या एका प्रार्थनासभेचा ग्रुप आहे. त्यावर रोज कुणीतरी काहीतरी टाकतं. इस्राएलमधलं युद्ध, भूकंप, हातात बसवायची चिप, लाल चंद्र, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न, तुम्ही तयार आहात का? एक बघून झाला की दुसरा आपोआप सुरू होतो. रात्रीचे दोन वाजतात. सकाळी डबे करताना हात थरथरतात.

मागच्या पावसातली गोष्ट. सातच्या सुमारास घरी आले. दार नुसतं लोटलेलं. टीव्ही चालू, दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं, मुलाच्या चपला दारात, सासूबाईंचा चष्मा सोफ्यावर. घरात कुणी नाही. मी हाका मारल्या. आणि सिस्टरबाई, माझ्या मनात चोर आला नाही, अपघात आला नाही. मनात आलं, प्रभू येऊन गेला. त्यांना घेऊन गेला आणि मी राहिले. मी उंबऱ्यातच बसले. पाच मिनिटांनी दोघं जिन्यावरून खाली आले. सर आली म्हणून गच्चीवरच्या चादरी काढायला गेले होते, मुलगा घाईत अनवाणीच पळाला होता.

त्याने विचारलं, आई, का रडतेस? मी खरं ते सांगितलं. सांगायला नको होतं. आता तो रात्री उठून अंधारात माझा हात चाचपतो. परवा म्हणाला, "येशू आला तर तू मागे राहशील का?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवट खरंच जवळ आला आहे का? माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांच्यामुळे मी मागे राहीन का? आणि विश्वास असलेल्या बाईला इतकी भीती वाटते म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?
(एक आई, ऐरोली)

उत्तर

लेकी, सलाम.

तुझं पत्र मी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर वाचलं. सकाळी एक फेरी मारून तिथे बसते मी. शेगडीवर जळणाऱ्या दुधापर्यंत आले आणि पुढचं वाचायला चष्मा पुसावा लागला.

तुझा तिसरा प्रश्न आधी घेते. तुझा विश्वास खोटा नाही. खोटा असता तर रिकाम्या घरात तुला प्रभू आठवला नसता. तो तुला तुझ्या घराच्या भिंतींइतका खरा वाटतो. फक्त त्याचा चेहरा कुणीतरी बदलून टाकला आहे, आणि तो बदललेला चेहरा तू वर्षभर रोज रात्री दोनपर्यंत बघते आहेस.

मी पस्तीस वर्षं परिचारिका होते. पेशंट आला की आधी ताप बघायचा, रोगाचं नाव नंतर. म्हणून आधी आजच्या रात्रीचं बोलू. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि तिथेच ठेवायचा. तो ग्रुप सोड. सोडल्याने प्रभूचा अपमान होत नाही. ज्या व्हिडिओने तुझी प्रार्थना वाढली नाही, शेजारणीवरची माया वाढली नाही, फक्त पुढचा बघायची ओढ वाढली, तो वचनाची सेवा करत नाही, मग त्यात कितीही वचनं घातलेली असोत. आणि एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, छाती धडधडत राहिली, तर डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बीपीची गोळी घेताना आपण विश्वास सोडत नाही, तसंच हेही.

आता वचन. तुझ्या ग्रुपवर मंडळीचं उचललं जाणं, म्हणजे प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जातो ते, दाखवतात ते मुख्यतः थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायावरून. तो अध्याय प्रेषित पौलाने कुणासाठी लिहिला ते बघ. थेस्सलनीकाची मंडळी नवीन होती. त्यांच्यातली काही माणसं वारली, आणि घरचे घाबरले की प्रभू येईल तेव्हा आपली माती दिलेली माणसं मुकतील, मागे राहतील. म्हणजे भीती तुझ्याच जातीची. तिच्यावर पौल लिहितो की मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले, आणि सगळे मिळून कायमचे प्रभूजवळ राहतील. आणि अध्याय संपतो तो असा: "म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा." सांत्वन करा, म्हणतो. ते पत्र दुःखाच्या घरात, मयताच्या तिसऱ्या दिवशी वाचावं असं आहे. ज्या उताऱ्याने शोक करणाऱ्यांचे डोळे पुसले, तोच ऐकून एक आई उंबऱ्यात कोसळते, तर उतारा वाचून दाखवणाऱ्याने तो उलटा धरला आहे.

शेवट जवळ आहे का? प्रभूने स्वतः सांगितलं की त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. मत्तयाचा चोविसावा अध्याय, छत्तिसावं वचन. याउपर कुणी तारीख सांगत असेल तर तो प्रभूपेक्षा जास्त जाणतो असं म्हणावं लागेल. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. कित्येकांनी शेतातलं पीक काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि माणसं ढसाढसा रडली. २०११ साली तिकडच्याच एका रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे सांगितली, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. आपल्याकडे १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एका राशीत, आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. गावोगाव होमहवन चाललं होतं, माणसं घराबाहेर झोपत होती. आमची आई त्या रात्री शेहेचाळिसावं स्तोत्र वाचून नेहमीच्या वेळेला दिवा बारीक करून झोपली, एवढं मला आठवतं.

तसेच युद्ध आणि भूकंप. त्यांच्याविषयी बोलतानाच प्रभू म्हणाला, "सांभाळा, घाबरू नका," आणि पुढे म्हणाला की तेवढ्यात शेवट होत नाही. तू ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येतेस ना? याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. चीनला निघाले होते, वाऱ्याने जहाज इकडे आणलं, इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. त्या घरांवर काय बेतलं असेल. त्यांना वाटलं असेल, हाच शेवट. सातशे वर्षं झाली, आणि तलावपाळीशेजारच्या सेंट जॉन चर्चची घंटा मी घरातून ऐकते. प्रभू आज रात्री येऊ शकतो हे मी मनापासून मानते. पण बातम्यांवरून त्याची वेळ काढत बसणं हे आपल्याला दिलेलं काम नाही.

आता जे खरं सांगायचं आहे ते. तुला झोप येत नाही, आणि मला वाटतं, तुला झोपायचीच भीती वाटते. झोपले आणि तो आला तर? 'जागृत राहा' हे वचन तुला टोचत असणार. ज्या दृष्टान्ताच्या शेवटी प्रभू ते म्हणाला तोच काढ. मत्तय पंचवीस, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारी. पाच मूर्ख, पाच शहाण्या. वराला उशीर झाला. पाचवं वचन सावकाश वाच. त्या सगळ्या जणी पेंगल्या आणि झोपी गेल्या. सगळ्या. शहाण्यासुद्धा. मी लहानपणापासून हा दृष्टान्त ऐकत आले, मूर्ख झोपल्या आणि शहाण्या जाग्या राहिल्या असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती, तेव्हा माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं आणि मी क्षणभर थांबले. झोपल्याबद्दल वराने एकीलाही बोल लावला नाही. शहाण्यांजवळ भांड्यात तेल होतं, तेवढंच. तुझ्याजवळ तेल आहे, लेकी. नसतं तर हे पत्र तू लिहिलंच नसतंस.

आणि जागं कोण राहतं? एकशे एकविसावं स्तोत्र सांगतं, इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही.

हे मी रात्रपाळीत शिकले. १९७९ साली जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडणार म्हणून देशभर घबराट होती. मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नवीन होते. बाळंतिणींच्या वॉर्डात माझी रात्रपाळी. दहाला मोठे दिवे बंद करायचे, मग मधल्या टेबलावरचा एकच दिवा, त्यावर हिरवं फडकं टाकलेलं. नातेवाईक बाहेर अंगणात आकाशाकडे बघत उभे. खिडकीजवळच्या खाटेवर एक पहिलटकरीण होती, दोन दिवसांचं बाळ कुशीत. ती म्हणाली, "सिस्टर, माझी खाट आत सरकवा, ते इथंच पडलं तर?" मावशींना बोलावून आम्ही खाट भिंतीपर्यंत सरकवली. तरी डोळे टक्क उघडे. मग तिने विचारलं, "तुम्ही जाणार नाही ना?" मी म्हटलं, "सकाळी आठपर्यंत मी या टेबलावरच आहे." तिने बाळाच्या पाठीवरचा हात सैल सोडला, कूस बदलली, आणि पाच मिनिटांत तिचा घोरण्याचा आवाज आला. मी तिला औषध दिलं नव्हतं. स्कायलॅब पडणार नाही असंही म्हटलं नव्हतं, मला कुठे ठाऊक होतं? कुणीतरी जागं आहे एवढं तिला पुरलं. स्कायलॅबचे तुकडे पुढे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. आमच्या वॉर्डात त्या रात्री आणखी एक मुलगी जन्माला आली.

मी तर तेवीस वर्षांची, पाय दुखणारी नर्स होते. माझ्या शब्दावर ती झोपली. तू ज्याच्या शब्दावर झोपणार आहेस त्याची पाळी संपत नाही.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, चुकांचा. कोणत्या चुका ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. न्याय होणार आहे. शास्त्रात आहे ते मी तुला बरं वाटावं म्हणून पुसून टाकणार नाही. पण न्यायासनावर जो बसणार आहे त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत, आणि ते व्रण त्याच चुकांपायी झालेले आहेत. योहानाच्या पाचव्या अध्यायातलं चोविसावं वचन उघड. जो माझं ऐकतो आणि मला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असं प्रभू म्हणतो. पार जाईल असं नाही म्हणत. गेला आहे. ज्याची कबुली द्यायची राहिली असेल ती आज रात्री दे, कुणाचं देणं असेल ते या महिन्यात फेड, कुणाशी बोलणं तुटलं असेल तर फोन कर. मग तेच पाप रोज रात्री पुन्हा उकरून काढू नकोस. ते त्याने घेतलेलं आहे.

आणि मुलगा. त्याला अध्याय समजावू नकोस, गोष्ट सांग. माझीच सांग हवी तर. आमचे अण्णा मिशन शाळेत गुरुजी होते, दूरच्या गावी बदली झालेली. शनिवारी मुक्कामाच्या एसटीने घरी यायचे. आम्ही पाच भावंडं दुपारपासून फाट्याकडे डोळे लावून. एका शनिवारी माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. बाकीचे फाट्यावर पळाले, मी कणगीच्या मागे लपले. त्या दिवशी एसटीचा आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एसटी तीच होती आणि अण्णाही तेच. अण्णांनी आल्या आल्या मुलं मोजली, एक कमी भरलं. पिशवी ओसरीवर ठेवून त्यांनी माझं नाव घेऊन हाक मारली आणि शोधत कणगीपर्यंत आले. काचेचं विचारलं. मी सांगितलं. त्या रात्री आम्ही चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात जेवलो आणि मी त्यांच्या मांडीवर बसून जेवले.

मुलाला सांग, येशू मुलं मोजतो. आईलाही मोजतो. आणि तुझा हात चाचपायला तो उठला की तू त्याचा हात धरून मोठ्याने 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हण.

या प्रार्थनेविषयी एक सांगायचं राहतंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्या इकडेही खाडी नि रस्ता वेगळे राहिले नव्हते. मी तेव्हा ठाण्याच्या एका दवाखान्यात होते. तळमजल्याच्या वॉर्डात पाणी शिरलं, वीज गेली, लिफ्ट बंद. वॉर्डातले मामा एकेका पेशंटला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेत होते. मी पुढे टॉर्च धरून. खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी ख्रिस्ती बाई होती, पायरीगणिक कळ येत होती तिला. ती प्रत्येक पायरीवर प्रभूच्या प्रार्थनेचे दोन-तीन शब्द म्हणायची. "तुझे राज्य येवो" म्हणाली तेव्हा खाली पाण्यात काहीतरी मोठं आपटलं, बहुतेक औषधांचं कपाट. मामा थबकले. ती थांबली नाही. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही..." वळणावर मामांनी खुर्ची टेकवली तेव्हा ती "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथपर्यंत आली होती. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, आज चहा आलाच नाही हो."

मी ती प्रार्थना हजारो वेळा म्हटली असेन, पण त्या जिन्यावर मला पहिल्यांदा ऐकू आली. तुझे राज्य येवो, म्हणजे हे जग संपून तुझं येवो, हीच तर शेवटच्या काळाची प्रार्थना. आपण ती रोज मागतो, तान्ह्या पोरांना शिकवतो. आणि तिच्यापासून एका श्वासावर आजची भाकर. प्रभूनेच ती दोन्ही अशी शेजारी ठेवली. सकाळी डबे भरताना म्हणून बघ.

पत्र दुसरं

सिस्टर, रेशन दुकानात मशीनवर अंगठा द्यावा लागतो, बँक केवायसी मागते. ही प्रकटीकरणातली श्वापदाची खूण आहे, अंगठा देऊ नका, असं आमच्या ओळखीचे एक भाऊ सांगतात. दोन महिने मी धान्य आणलेलं नाही. ६६६ चा खरा अर्थ काय?
(निवृत्त वाचक, कळवा)

उत्तर

दादा, आधी रेशनचं धान्य घेऊन या.

प्रकटीकरण हे पत्र योहानाने पात्म बेटावरून आशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलं. तिथे रोमी सम्राटाला देव म्हणून नमन करायचा दबाव होता. श्वापदाचा आकडा म्हणून त्यात ६६६ दिला आहे. त्या काळी अक्षरांना अंकांची किंमत असे. 'नीरो कैसर' हे नाव इब्री अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, तीही त्याच नावाच्या दुसऱ्या लिहिण्याने येते. म्हणून बरेच अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. ज्यांना ते पत्र पोचलं त्यांना हा आकडा ओळखीचा असणार. तेराव्या अध्यायात खूण आणि श्वापदाला नमन या दोन्ही गोष्टी बरोबर येतात. प्रश्न भक्तीचा आहे, तुम्ही कुणापुढे गुडघे टेकता त्याचा. रेशनच्या मशीनवर अंगठा देताना तुम्ही कुणाची भक्ती करत नाही, हक्काचा तांदूळ घेता.

आणि त्या भावांना विचारा, तेरावा अध्याय इतका पाठ आहे तर सातवा आणि चौदावा का नाही? तिथे देवाच्या दासांच्या कपाळावर त्याचा शिक्का आहे, त्याचं नाव आहे. आपल्या मंडळ्यांत श्वापदाच्या खुणेवर तासन्‌तास बोललं जातं आणि देवाच्या शिक्क्यावर कुणी पाच मिनिटं बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. घरात वाचायचं असेल तर प्रकटीकरणाचा पहिला अध्याय वाचा, जिथे योहान भीतीने मेल्यासारखा पडतो आणि प्रभू त्याच्यावर उजवा हात ठेवून म्हणतो, "भिऊ नको." मग एकविसावा वाचा. देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील, ते वचन. वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा.

पत्र तिसरं

आजी, मी नेरूळला राहतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रभू लवकर येणार असेल तर चार वर्षं अभ्यासात घालवण्यापेक्षा कॉलेज सोडून सुवार्तेचं काम करावं असं वाटतं. घरी खूप वाद झाले. तुम्ही काय सांगाल?
(एक विद्यार्थी)

उत्तर

बाळा, सुवार्तेची ओढ देवाने दिली असेल तर ती चार वर्षांत विझणार नाही. पण घाईने, भीतीपोटी सोडू नकोस. थेस्सलनीकात अशीच काही माणसं प्रभू येणार म्हणून कामधंदा सोडून बसली होती. पौलाने दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांना निवांतपणे काम करून स्वतःचं अन्न खायला सांगितलं, आणि हे तो स्वतः रात्रंदिवस हातांनी कष्ट करून सांगत होता.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य तू वाचावंस असं मला फार वाटतं. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून भुकेल्या मुली पुण्याजवळ केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणल्या. तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेगही होता. शेवट आला म्हणायला त्याहून जास्त काय हवं? आणि प्रभूच्या येण्याची वाट बघणारी ती बाई काय करत होती? मुलींना भाकरी देत होती, अक्षर शिकवत होती, आणि स्वतः म्हातारपणाकडे झुकत असताना इब्री नि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणत होती, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. पूर्ण शास्त्र छापून बाहेर पडलं ते त्यांच्यामागे, १९२४ साली.

एकेक शब्द, एकेक काना-मात्रा. जग उद्या संपणार असं त्यांना वाटलं असतं तरी त्यांनी तो काना दुरुस्त केला असता, असं मला वाटतं.

तू रविवारी पाळकसाहेबांना भेट, सुट्टीत त्यांच्याबरोबर मंडळीच्या कामाला जा. आईवडिलांशी आवाज न चढवता एकदा बोल, आणि पुस्तक उघड. परीक्षा कधी सुरू होते ते मला कळव. माझ्या प्रार्थनेच्या वहीत तारीख लिहून ठेवते.